एका लाथेला दोन नमस्कार

सकाळी सहाला न्हाणीघरातली बादली सरकवायला वाकलो आणि कमरेत उसण भरली. बादली रिकामी होती, हे आधीच सांगतो. कारण पुढचे आठ दिवस भेटायला आलेला प्रत्येक जण "काय उचललंत?" असं विचारायचा आणि "काही नाही" म्हटलं की त्याचा हिरमोड व्हायचा. पोतं नाही तर निदान गॅसची टाकी तरी हवी होती.

एक हात भिंतीला, एक कमरेवर, असा अर्धा पांडुरंग होऊन मी बाहेर आलो. बायको म्हणाली, "कोणी पायाळू आहे का बघू?"

आमच्या गावी हा प्रश्न चेष्टेत विचारत नसत. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू, आणि त्याने लाथ मारली की उसण जाते. पायाळूला विजेचं भय जास्त, आणि डोळ्यांत अंजन घातलं तर त्याला भुईतलं धन दिसतं, असंही म्हणत. गल्लीतल्या आमच्या पायाळू वहिनींना ते दिसलं नसावं, घर शेवटपर्यंत पत्र्याचंच राहिलं.

आबांची उसण मात्र त्यांनी काढली होती. वहिनी तेव्हा नव्या नवरी, आबा सत्तरीचे. आबा सोप्यात पालथे पडले. वहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आधी वाकून नमस्कार केला. मग जोडवी रुतू नयेत म्हणून पायाची बोटं वर उचलून नुसती टाच अलगद कमरेला लावली. आबा खालूनच म्हणाले, "पोरी, लाथ मार म्हटलंय. पाय चेपायला नाही बोलावलं." दुसरीही तशीच. तिसरी मात्र अशी बसली, की आबांच्या तोंडून शिवी गेली. वहिनींनी घाबरून पुन्हा नमस्कार केला, आजीने त्यांच्या ओट्यात पसाभर शेंगा घातल्या, आणि तिसऱ्या दिवशी आबा रानात गेले.

माझी फिजिओथेरपिस्ट पंचविशीची. तिने लाथेऐवजी प्रश्न मारले. पायाला मुंग्या, बधिरपणा? लघवीला त्रास? नाही म्हटल्यावर म्हणाली, "मग काका, झोपून राहू नका. चाला." वडिलांना डॉक्टरांनी पंधरा दिवस फळीवर झोपवलं होतं, ते आठवून मी तिच्याकडे संशयाने बघितलं. पण 1986 साली अमेरिकेत हे तपासून झालंय म्हणे: दोन दिवस झोपलेले आणि सात दिवस झोपलेले सारखेच बरे झाले, फक्त दोन दिवसवाल्यांचे खाडे कमी पडले. बहुतेक उसणी काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपणहून निवळतात. म्हणजे आबांच्या शेंगा फुकट गेल्या म्हणायच्या.

रिकाम्या बादलीचा खुलासाही तिनेच केला. मणक्यांमधल्या चकत्यांना मोठेपणी स्वतःचा रक्तपुरवठा जवळपास नसतोच. आपण हलतो-वाकतो तेव्हा त्या स्पंजासारख्या दबतात, सुटतात आणि त्यांना पोषण मिळतं. रात्रभर पडून राहिलं की त्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपण एखादा सेंटीमीटर उंच असतो ते त्यामुळेच, आणि तेव्हा वाकलं की त्यांच्यावर ताणही जास्त येतो. म्हणून उठल्यावर तासभर कमरेतून वाकायचं नाही. पन्नाशीनंतर माझी उंची वाढते हे मला प्रथमच कळलं, तेही अशा वेळी.

तोवर घरी निर्गुडीचा पाला आला होता, तव्यावर मीठ तापत होतं. एका मामांनी बिब्बा सुचवला आणि खात्रीसाठी शर्ट वर करून स्वतःच्या पाठीवरचे काळे डाग दाखवले. डाग बघून मी पाल्यावर समाधान मानलं.

पायाळूचा शोध चालूच होता, पण ती जमात आता दुर्मीळ. अशा बाळांना सिझेरियनच जास्त सुरक्षित, असं सांगणारा 26 देशांतला एक मोठा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासून तर पायाळू बाळ म्हटलं की बहुतेक ठिकाणी सिझेरियनच. आमच्या खालच्या मजल्यावरची चार वर्षांची चिमणी तशीच झालेली. तिच्या आजीने मात्र तेव्हाच डॉक्टरांना गाठून विचारून ठेवलं होतं, "पोटातनं काढलीत, पण आधी काय आलं?" डॉक्टर म्हणाले, पायच.

"मग झालं तर!" म्हणत पाचव्या दिवशी आजी तिला घेऊन वर आल्या. मी चटईवर पालथा पडलो. नमस्कार नाही, काही नाही, चिमणी थेट पाठीवर चढली, दोन पावलं चालली आणि दोन्ही हातांनी माझी कॉलर धरून म्हणाली, "आता घोडा व्हा, आजोबा."