क्रेट परत जातो, पिशवी जात नाही

पहाटे पावणेपाचच्या सुमारास आमच्या कोपऱ्यावरच्या दूध केंद्रासमोर टेम्पो थांबतो आणि पुढची सात-आठ मिनिटे तेथे दोनच कामे चालतात. भरलेले क्रेट खाली उतरतात आणि आदल्या दिवशीचे रिकामे क्रेट वर चढतात. उतरले किती आणि चढले किती, हे टेम्पोवाल्याच्या हातातल्या मळक्या वहीत टिपले जाते. एखादा क्रेट कमी भरला तर त्याचे पैसे केंद्रचालकाच्या माथी बसतात, म्हणून तो गृहस्थ कोणाला क्रेटवर टेकूही देत नाही. बत्तीस वर्षे इतरांचे हिशेब तपासण्यात गेल्यामुळे असेल, पण सकाळी फिरायला निघालो की ती वही पाहून माझे पाऊल रेंगाळते. एका क्रेटमध्ये अर्ध्या लिटरच्या चोवीस पिशव्या असतात. क्रेटही प्लास्टिकचा आणि पिशवीही प्लास्टिकचीच. परंतु क्रेटचा हिशेब नगानगाने वर्षानुवर्षे चालतो आणि पिशवीचे खाते मात्र ती गिऱ्हाइकाच्या हातात पडताक्षणीच बंद होते.

व्यवसायामुळे मोठ्या कंपन्यांचे शाश्वततेविषयीचे अहवाल माझ्या टेबलावर येत असतात. त्यांत माल कच्च्या मालापासून दुकानाच्या फळीपर्यंत कसा पोचतो याचे वर्णन पानोपानी असते आणि फळीवरून पुढे त्याचे काय होते हे एखाद्या परिच्छेदात उरकलेले असते. त्या परिच्छेदात नेमके काय दडलेले असते हे समजून घ्यायचे, तर रोज सकाळी घरात येणाऱ्या दुधाच्या पिशवीइतके सोयीचे उदाहरण मला दुसरे दिसत नाही.

माझे बालपण परळच्या चाळीत गेले. तेव्हा दूध आरेच्या काचेच्या बाटलीत येई. तोंडावर ॲल्युमिनियमचे पातळ, पट्ट्यापट्ट्यांचे झाकण असे आणि ते अंगठ्याने दाबून उघडताना आत चिकटलेली साय चाटण्यावरून आम्हा भावंडांत रोज भांडण होई. दुधाचे कार्ड आणि आदल्या दिवशीची रिकामी, विसळलेली बाटली दिल्याशिवाय भरलेली बाटली मिळत नसे. एकदा माझ्या हातून जिन्यात बाटली फुटली, तेव्हा दूध सांडल्यापेक्षा बाटली गेल्याचे आईला अधिक वाईट वाटले होते. १९४९ साली उभी राहिलेली आरे वसाहत आणि दारा खुरोडी यांनी आखलेली मुंबईची दूधयोजना यांचा इतिहास दुधाच्या दर्जासाठी आणि गोठे शहराबाहेर नेण्यासाठी सांगितला जातो, आणि ते रास्तच आहे. परंतु लाखो घरांतून रोज रिकामी बाटली परत आणणारी व्यवस्थाही त्याच योजनेत होती. ती कोणी पर्यावरणासाठी उभारलेली नव्हती. बाटली महाग होती, एवढेच तिचे कारण.

त्या बाटलीविषयी हळवे होऊन आजच्या पिशवीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. काचेची बाटली शेकडो ग्रॅम वजनाची. ती भरलेली नेताना आणि रिकामी आणताना दोन्ही वेळा इंधन लागते, धुण्यासाठी गरम पाणी आणि कॉस्टिक सोडा लागतो, आणि फुटतूट वेगळीच. बाटली जवळच्याच डेअरीत पुन्हा पुन्हा भरली जात असेल तरच हा व्यवहार परवडतो. दूध दीडशे-दोनशे किलोमीटरवरून येऊ लागले की गणित उलटते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी धुऊन वाळवलेल्या अर्ध्या लिटरच्या दहा पिशव्या ठेवल्या, तेव्हा काटा २९ ग्रॅमवर थांबला. म्हणजे अर्धा लिटर दूध आपण तीन ग्रॅम प्लास्टिकमध्ये घरी आणतो. मालाचे वजन आणि वेष्टनाचे वजन यांचे इतके चांगले गुणोत्तर फार थोड्या वस्तूंना साधले असेल.

दुसरी गोष्टही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. जागतिक अन्न व कृषी संघटनेने २०१० साली केलेल्या अंदाजानुसार दर किलो दुधामागे जगात सरासरी २.४ किलो कार्बन डायऑक्साइडइतका हरितगृह वायूंचा भार पडतो. त्याचा मोठा वाटा रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातून निघणाऱ्या मिथेनचा असतो. आता पिशवीकडे पाहू. तिचे पॉलिथिलीन तयार होताना किलोमागे सुमारे दोन किलोचा भार धरला, तर तीन ग्रॅमच्या पिशवीच्या वाट्याला सहा ग्रॅम येतात. अर्ध्या लिटर दुधाचे बाराशे ग्रॅम आणि पिशवीचे सहा, म्हणजे पिशवी अर्धा टक्का. उन्हाळ्यात फ्रीजबाहेर विसरलेले अर्धा लिटर दूध नासले, तर दोनशे पिशव्या फेकल्याइतका भार एका सकाळीच पडतो. ग्राहकाने पहिली काळजी दूध वाया न जाण्याची घ्यावी, असे हा हिशेब स्पष्टच सांगतो.

मग पिशवीची एवढी उठाठेव कशासाठी? कारण वातावरणाचा हिशेब आणि गटाराचा हिशेब एकाच रकान्यात मांडता येत नाही. कार्बनच्या मोजणीत नगण्य ठरणारी पिशवी नाल्याच्या तोंडाशी नगण्य राहत नाही. २६ जुलै २००५च्या मुंबईच्या प्रलयात तुंबलेल्या गटारांचा दोष मोठ्या प्रमाणावर प्लास्टिकच्या पिशव्यांना दिला गेला आणि त्यानंतर राज्याने ५० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगांवर बंदी घातली. दुधाची पिशवी मात्र जाड असते, स्वच्छ असेल तर एकाच जातीच्या प्लास्टिकची असते आणि तिच्यापासून पुन्हा दाणा, म्हणजे प्लास्टिकच्या वस्तू घडवायचा कच्चा माल, करता येतो. वेफरच्या चकचकीत पाकिटात धातूचा मुलामा चिकटलेला असतो. दुधाच्या कागदी खोक्यात पुठ्ठा, पॉलिथिलीन आणि ॲल्युमिनियम यांचे थर एकमेकांना घट्ट बिलगलेले असतात. ते सोडवण्याची यंत्रणा मोजक्याच ठिकाणी आहे. त्यांच्या तुलनेत दुधाची पिशवी म्हणजे भंगाराच्या दुनियेतले सरळ वळणाचे लेकरू. ती चिरून, धुऊन, वाळवून वितळवली की तिच्या दाण्यापासून काळ्या पिशव्या किंवा शेतातली नळी होते. पुन्हा दुधाची पिशवी होत नाही, कारण अन्नाला लागणारे असे वेष्टन नव्या प्लास्टिकचेच लागते.

ही गोष्ट सरकारला ठाऊक नव्हती असे नाही. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी काढलेल्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीला सूट दिली. परंतु पिशवी ५० मायक्रॉनपेक्षा कमी जाडीची नसावी, तिच्यावर किमान ५० पैसे परतावा छापलेला असावा आणि डेअरी, वितरक व विक्रेते यांनी ती परत घेण्याची व्यवस्था करावी, अशा अटी घातल्या. पुढे जून २०१९मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधानसभेत सांगितले की राज्यात रोज सुमारे एक कोटी दुधाच्या पिशव्या वापरल्या जातात आणि त्यांचा ३१ टन कचरा होतो. एकतीस टनांना एक कोटीने भागले की ३.१ ग्रॅम येतात. माझ्या घरच्या काट्याशी विधानसभेतला आकडा इतका जुळलेला पाहून मला, खरे सांगायचे तर, व्यावसायिक समाधान मिळाले.

आकडा जुळला, पण परताव्याचे पन्नास पैसे आमच्या कोपऱ्यापर्यंत कधी आले नाहीत. विक्रेत्यांच्या बाजूने पाहिले तर अडचणी खोट्या नव्हत्या. दुकानात चार डेअऱ्यांचे दूध असते. कोणाची पिशवी कोणी घ्यायची आणि पैसे कोणाकडून वसूल करायचे? मे महिन्यात विटलेल्या दुधाच्या वासाच्या पाचशे पिशव्या आठ बाय दहाच्या गाळ्यात ठेवायच्या कोठे? शिवाय पन्नास पैशांचे नाणे कायद्याने चालत असले तरी व्यवहारातून कधीच उठले आहे. दोन पिशव्या आणल्याशिवाय हातात काही पडणारच नाही. यांपैकी एकही अडचण न सुटणारी नाही, परंतु ती सोडवण्याचा खर्च कोणाच्या खात्यावर टाकायचा हे ठरले नाही. माझ्या मते अधिसूचनेतली उणीव नेमकी हीच होती: रक्कम लिहिली होती, पण ती कोणाच्या नावे टाकायची आणि कोणाच्या खात्यात जमा करायची हे लिहिले नव्हते.

रक्कम पुरेशी असली आणि खाते नेमके असले तर माणसे वस्तू परत करतात, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. तमिळनाडूत मद्रास उच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर निलगिरी जिल्ह्यात मे २०२२पासून दारूच्या बाटलीमागे दहा रुपये जादा घेऊन रिकामी बाटली दिल्यावर ते परत देण्यास सुरुवात झाली आणि जंगलात फुटून पडणाऱ्या बाटल्यांचा मोठा हिस्सा दुकानांकडे वळला. तेथे विक्री करणारी संस्था एकच, सरकारी. त्यामुळे कोणाची बाटली हा प्रश्नच उद्भवला नाही. गोव्यानेही २०२४ साली वेष्टनांसाठी अनामत-परतावा योजना अधिसूचित केली.

केंद्राने दुसरा मार्ग धरला. फेब्रुवारी २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनी उत्पादकांवर विस्तारित जबाबदारी टाकली: जितके प्लास्टिक बाजारात आणाल, तितक्याच्या पुनर्प्रक्रियेची प्रमाणपत्रे दाखवा. कल्पना चांगली आहे आणि तिने भंगाराच्या धंद्यात पैसा आणला, हेही खरे. परंतु आमच्या व्यवसायात पहिल्या वर्षीच शिकवतात की पावती म्हणजे माल नव्हे. २०२३ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातील काही पुनर्प्रक्रिया उद्योगांनी सुमारे सहा लाख बनावट प्रमाणपत्रे तयार केल्याचे आढळले. क्रेटची वही मळकी असली तरी तिच्यात अशी लबाडी करता येत नाही, कारण रिकामा क्रेट टेम्पोत डोळ्यांसमोर चढावा लागतो.

आमच्या पुण्यात हा डोळ्यांसमोरचा हिशेब कचरावेचक स्त्रियांच्या हातांवर चालतो. १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. तिचे सदस्य दारोदार कचरा गोळा करतात. आमच्या इमारतीत येणाऱ्या ताईंना मी एकदा विचारले, की दुधाच्या पिशव्या वेगळ्या ठेवल्या तर त्यांना उपयोग होईल का. त्या म्हणाल्या, "दादा, वेगळ्या नका ठेवू नुसत्या, धुऊन ठेवा. वास सुटलेली पिशवी भंगारवाला वजनात धरत नाही." मग त्यांनी बादलीतून एक पिशवी काढून तिचा कापलेला कोपरा दाखवला. "आणि हा तुकडा कुठं गेला?" तो तुकडा आमच्या सिंकच्या जाळीतून खाली गेला होता. नखाएवढा तो तिकोनी तुकडा कोणताही कचरावेचक उचलू शकत नाही आणि कोणतीही चाळणी अडवत नाही. तेव्हापासून घरात पिशवी कापताना कात्री थोडी अलीकडे थांबते आणि कोपरा पिशवीलाच लटकत राहतो. पिशव्या धुऊन ठेवण्याचे काम माझी आई घरात पिशवीचे दूध येऊ लागल्यापासून करत आली आहे. तिच्या काळी धुतलेल्या पिशव्या ओट्यामागच्या फरशांवर चिकटवून वाळवत आणि महिन्याच्या शेवटी रद्दीवाल्याला देत. तिला याचे कारण विचारले तर ती म्हणते, "पैसे येतात म्हणून."

गेल्या महिन्यात इमारतीतल्या बेचाळीस घरांना मी चिठ्ठी पाठवली. सव्वीस घरांनी होकार दिला. घरी दोन पिशव्या आणि महिन्याचे तीस दिवस धरले तर दीड हजारांहून अधिक पिशव्या, साडेचार किलो माल जमायला हवा होता. प्रत्यक्षात ३ किलो ४०० ग्रॅम भरला. भंगारवाल्याने किलोला पंधरा रुपये लावून वर एक रुपया सोडायला सांगितला आणि पन्नासची नोट दिली. ती ताईंना दिली. म्हणजे अकराशे-बाराशे पिशव्या धुण्याची, वाळवण्याची आणि वाहण्याची किंमत पिशवीमागे साडेचार पैशांहूनही कमी पडली. अधिसूचनेतला परतावा मिळाला असता, तर तीच रक्कम साडेपाचशेच्या पुढे गेली असती. या फरकात सारे काही येते. साडेचार पैशांसाठी नळाचे पाणी कोण सोडेल?

त्यानंतर मी केंद्रचालकाला विचारले, की टेम्पो रिकामे क्रेट घेऊन डेअरीकडे जातोच, तर पिशव्यांचे एक पोते त्यातच गेले तर काय बिघडते. त्याने टेम्पोवाल्याकडे बोट दाखवले. टेम्पोवाला भला माणूस. आठवडाभर त्याने पोते नेले. आठव्या दिवशी डेअरीच्या फाटकावर ते अडवले गेले. दुधाच्या क्रेटबरोबर कचरा आत आणायचा नाही, असा त्यांचा नियम आहे, आणि अन्नाच्या स्वच्छतेच्या दृष्टीने तो चुकीचा म्हणता येत नाही. फाटकाबाहेर पिशव्यांसाठी वेगळी खोली असती, वजनकाटा असता आणि आणखी एक वही असती, तर नियमही राहिला असता आणि पोतेही राहिले असते. मी तसे पत्र लिहिले आहे; पोच मिळाली, उत्तर आलेले नाही. पोते सध्या आमच्या जिन्याखाली आहे. परवा त्याला मुंग्या लागल्या, तेव्हा तळमजल्यावरच्या काकूंनी पिशव्या दोनदा विसळाव्यात अशी नवी चिठ्ठी लावली असून दुसऱ्यांदा विसळायला भांडी धुतलेले पाणी वापरावे, असे तिच्याखाली पेन्सिलीने लिहिले आहे.