तुम्ही विचारलंत म्हणून: तीन नंबरच्या जर्सीला एवढा भाव का?

टीव्हीवर रग्बी लागली की हा प्रश्न हमखास येतो. ‘ती जाडजूड माणसं वाकून ढकलाढकली करतात, पन्नास-साठ मिनिटांत धापा टाकत बाहेर जातात, तरी क्लब त्यांना एवढे पैसे का मोजतात?’

ती ढकलाढकली म्हणजे स्क्रम: दोन्ही संघांचे आठ-आठ जण वाकून एकमेकांना भिडतात आणि चेंडूसाठी रेटतात. त्यात पुढच्या रांगेतली ही माणसं म्हणजे प्रॉप, जर्सी 1 आणि 3. मधे हुकर, नंबर 2. मागच्या पाच जणांचा रेटा या तिघांच्या खांद्यांतून पुढे जातो. पण दोघा प्रॉपचं काम सारखं नाही. स्क्रममध्ये प्रत्येकाचं डोकं समोरच्याच्या डोक्याच्या डावीकडे जातं. त्यामुळे 1 नंबरच्या लूझहेडचा डावा खांदा मोकळा राहतो. 3 नंबरच्या टाइटहेडचं डोकं मात्र समोरचा लूझहेड आणि हुकर यांच्या मधे अडकतं आणि दोन्ही खांद्यांवर भार येतो. तो मागे सरला की अख्खा स्क्रम गेला.

2013 पासून रेफरीची हाक अशी असते: ‘क्राउच, बाइंड, सेट’. क्राउचला वाकायचं, पण खांदे कमरेच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत. बाइंडला लूझहेडचा डावा हात टाइटहेडच्या उजव्या हाताच्या आतून जातो आणि पाठीवर किंवा बाजूला जर्सी धरतो. टाइटहेडचा उजवा हात बाहेरून येतो. बाही किंवा कॉलर धरायची नाही. सेटला भिडायचं.

बिघडतं ते इथेच. पाय फार मागे टाकले की गुडघे सरळ होतात, धक्का जिरवायला जागाच उरत नाही, आणि समोरच्याने जरा अंग काढून घेतलं की माणूस तोंडावर आपटतो. पाठ गोल झाली तर मागच्या लॉकचा, म्हणजे दुसऱ्या रांगेतल्या खेळाडूचा, रेटा पाठीतच मुरतो, खांद्यापर्यंत पोचत नाही. लूझहेडचं कोपर खाली झुकलं की तो टाइटहेडला ओढून पाडतोय असं रेफरीला दिसतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. टाइटहेड कंबर बाहेर काढून तिरका हुकरच्या अंगावर गेला, तर पेनल्टी त्याच्यावर. मौज अशी की रेफरीला एका वेळी एकच बाजू दिसते, त्यामुळे दुसऱ्या बाजूला बरंच काही खपतं. एक पेनल्टी म्हणजे किकने 3 गुण, नाहीतर चेंडू दूर मैदानाबाहेर मारून तिथल्या लाइनआउटला, म्हणजे चेंडू आत फेकून खेळ सुरू करताना, पुन्हा आपलीच फेक.

हे नुसतं वजनाचं काम नाही, याचा दाखला 2009 मध्ये डर्बनला मिळाला. ब्रिटिश अँड आयरिश लायन्स या ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक संघाच्या पहिल्या कसोटीत फिल विकरी टाइटहेडला होता, 2003 चा जगज्जेता. समोर दक्षिण आफ्रिकेचा 23 वर्षांचा लूझहेड तेंडाई म्तावरिरा, टोपणनाव ‘बीस्ट’. विकरीवर पेनल्टीमागून पेनल्टी लागत राहिल्या, आणि दुसऱ्या अर्ध्यात विकरीच्या जागी अ‍ॅडम जोन्स आल्यावर स्क्रम सावरला. मॅच दक्षिण आफ्रिकेने 26-21 अशी जिंकली.

भाव चढण्यामागे नियमाचाही हात आहे. 23 जणांच्या संघात 8 राखीव, आणि त्यांत पहिल्या रांगेचे तिघे लागतातच. ही जागा शिकलेल्यालाच देता येते, आणि असा माणूस उरला नाही तर स्क्रम बिनरेट्याचा होतो. फ्रान्सच्या टॉप 14 मध्ये 14 क्लब आहेत, म्हणजे एका फेरीला 28 टाइटहेड हवेत. तेवढे चांगले मिळतात कुठे? 2019 च्या विश्वचषक अंतिम सामन्यात इंग्लंडचा टाइटहेड काइल सिंकलर तिसऱ्याच मिनिटाला जायबंदी झाला आणि उरलेली सगळी मॅच राखीव डॅन कोलला ओढावी लागली. समोर पुन्हा बीस्टच. दक्षिण आफ्रिका 32-12 ने जिंकली. 117 कसोट्यांनंतर, 34 व्या वर्षी, बीस्ट तिथेच थांबला.

प्रॉप पिकतो उशिरा. बरेच जण आधी मागच्या रांगेत खेळतात. बीस्टही तिथलाच होता. 19 वर्षांखालच्यांत रेटा दीड मीटरपुरताच मान्य असल्याने खरं शिक्षण मोठ्यांत आल्यावर सुरू होतं, आणि तिशीच्या आसपास माणूस तयार होतो. तोवर मान आणि कंबर कुरकुरायला लागलेली असते. न्यूझीलंडचा टाइटहेड कार्ल हेमन, फ्रान्सच्या तुलाँ क्लबसोबत तीन युरोपियन कप जिंकलेला. त्याला चाळिशीतच स्मृतिभ्रंशाचं निदान झाल्याचं 2021 मध्ये त्याने स्वतः सांगितलं.

‘आमचा पोरगा तालमीत जातो, मान जाड आहे, जमेल का?’ हा जोडप्रश्नही असतोच. मान उपयोगी पडेल, बैठकाही. पण 2025 ला मुंबईत जी व्यावसायिक लीग झाली ती सेव्हन्सची, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीची होती, आणि सेव्हन्सच्या स्क्रममध्ये तिघांसमोर तिघेच. तिथे 120 किलोच्या माणसाचं काय काम? त्याच्यासाठी पंधरांची रग्बीच शोधा.