आमची वाटचाल : ऐकू आणणाऱ्यांच्या मनाची काळजी

बेळगावच्या शहापूर भागातील आमच्या श्रवणयंत्र केंद्रात खानापूर, निपाणी आणि सीमेपलीकडच्या चंदगड तालुक्यातूनही ज्येष्ठ मंडळी येत असत. 25 मार्च 2020 रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि हा राबता एकाएकी थांबला. यंत्राचा झिंक-एअर सेल (बटणासारखी छोटी बॅटरी) मात्र साधारण आठवडा-दोन आठवडेच चालतो. तो संपला आणि हद्दीवरच्या नाक्यामुळे नवा पोहोचला नाही, की माणूस भरल्या घरात एकटा पडतो. अशा घरांतून येणारे फोन आमच्या ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) ताई रात्री उशिरापर्यंत घेत राहिल्या.

केंद्र पुन्हा उघडल्यावर खरी कसोटी लागली. एन-95 मास्कमुळे ओठ दिसत नाहीत आणि उच्च वारंवारतेचे, म्हणजे बारीक पट्टीतले, आवाजही दबतात. उतारवयात नेमके हेच आवाज आधी ऐकू येईनासे झालेले असतात. कानाच्या साच्याचे माप घ्यायचे तर रुग्णाच्या अगदी जवळ बसावे लागते, आणि ऑडिओमेट्रीची, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीची, ध्वनिरोधक खोली तर चहूबाजूंनी बंदिस्तच असते. मास्क काढताना त्याच्या दोरीत अडकून कानामागचे यंत्र खाली पडे, ते वेगळेच.

एके दुपारी एका आजोबांची तपासणी आटोपल्यावर ताई त्या खोलीतच बसून राहिल्या. मी चौकशी केली तेव्हा म्हणाल्या, "दादा, ते रागावले याचे काही नाही. घसा बसेपर्यंत बोलूनही माझे सांगणे त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, त्याचा शीण येतो. घरी गेल्यावर मुलाशीही बोलावेसे वाटत नाही." घरात वृद्ध सासूबाई असल्याने संसर्गाची धास्ती होतीच, पण मनाला अधिक पोखरत होता तो हा शीण, असे माझे ठाम मत आहे.

त्यानंतर आम्ही दोन तपासण्यांमध्ये मोकळा वेळ ठेवू लागलो, नेहमीच्या सूचना मराठीत आणि कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून समोर धरू लागलो आणि संध्याकाळचे फोन पाळीपाळीने वाटून घेतले. समुपदेशकाचे शुल्क केंद्राने भरावे, हेही ठरले. छोट्या व्यवसायात तापासाठी रजा मागता येते, पण मन थकले म्हणून मागताना जीभ अडखळते. म्हणून रजेचे कारण विचारणे मी बंद केले. दिवसाकाठी तपासण्या कमी झाल्या आणि उत्पन्नही घटले, तरी तपासण्यांमधला तो मोकळा वेळ आम्ही आजही राखून ठेवतो.