तुम्ही विचारलंत म्हणून: लेकीच्या किल्ल्याला मी हात का लावत नाही

"अहो, पोरगी एकटीच चिखलात बसलीय, जरा मदत करा की तिला." वसुबारसेला हे दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी म्हटलं, धनत्रयोदशीला वॉचमनदादांनी म्हटलं. भाऊबीजेला साताऱ्याहून आलेल्या माझ्या सख्ख्या भावानं तर ओवाळून होतंय न होतंय तोच विचारलं, "तू एवढे गड फिरलेली, आणि तुझ्या पोरीचा बुरूज असा वाकडा?" गेल्या वर्षीही हेच झालं. दर वेळी मी "तिचा तिला करू दे" एवढंच बोलते, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसतं, हिला मुलांसाठी वेळ नाही.

वेळ आहे. बँकेतली नोकरी करून चकलीची भाजणी मी अजून घरी भाजते. अनारशाचे तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवते. सहामाही संपली की शाळेनं दिलेल्या दिवाळीच्या अभ्यासाला दोघांनाही रोज घेऊन बसते, नाहीतर तो शेवटच्या रात्री रडत पुरा करावा लागतो. वेळेचा प्रश्न नाही, आवडीचा तर नाहीच.

यंदा विचारणारे जास्त होते. 2025 च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत महाराजांच्या काळचे बारा किल्ले आले, अकरा आपल्याकडचे आणि तमिळनाडूतला जिंजी. सोसायटीनं किल्ले स्पर्धेचा विषयच तो ठेवला आणि साल्हेर कुणी करायचा, खांदेरी कुणी, यासाठी चिठ्ठ्या काढल्या. राजगडाची चिठ्ठी मात्र माझ्यासाठी बाजूला ठेवली होती. "तुमचा तेव्हाचा राजगड अजून डोळ्यांपुढे आहे हो." माझ्याही आहे. म्हणून हे एकदाच सगळं सांगून टाकते.

2022 ची दिवाळी. थोरला चौथीत होता. चौथीचं इतिहासाचं पुस्तक म्हणजे शिवछत्रपतींचं चरित्र, त्यामुळे घरात उठता बसता अफजलखान आणि शाहिस्तेखान चालू. रस्त्याकडेला मातीची पोती विकायला बसतात त्यांच्याकडून आम्ही तीन पोती आणून पार्किंगच्या कोपऱ्यात ओतली, आणि 17 ऑक्टोबरच्या रात्री पुण्यात तो भयंकर पाऊस झाला. रस्त्यांच्या नद्या झाल्या होत्या, आमची माती त्यात कधी गेली कळलंही नाही. सकाळी पोरगा गटाराच्या जाळीपाशी उभा राहून रडला. पुन्हा दोन पोती आणली. या वेळी विटा, फुटक्या कुंड्या, त्यावर भिजवलेलं गोणपाट आणि मग चिखलाचं लिंपण, सगळं त्यानं एकट्यानं केलं. पाच वर्षांची धाकटी डबड्यानं पाणी आणून द्यायची.

त्याच्या किल्ल्याला नाव नव्हतं. दरवाजे तीन होते आणि त्यातला एक फक्त गाईंसाठी. सगळ्यात वर महाराज. त्यांच्या शेजारी दवाखाना, कारण लढाईत मावळ्यांना लागतं. आणि पायथ्याशी एस्टी स्टँड. दोन काडेपेट्या चिकटवून केलेला, त्यावर वहीच्या कागदाची पाटी, "सातारा". खेळण्यातली लाल बस त्या स्टँडपेक्षा मोठी होती, ती अर्धी बाहेर उभी असायची. सातारची आजी दिवाळीला एस्टीनं येते, मग तिला गडापाशी उतरता यायला नको का, असं त्याचं म्हणणं.

आता माझ्याबद्दल. मी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढले. आमच्या वाड्यात दर दिवाळीला किल्ला व्हायचा आणि तो दादा आणि चुलतभाऊ करायचे. शेण-माती कालवायची मी, हौदावरून पाणी आणायची मी. दरवाजा कुठं ठेवायचा, हे मात्र मला एकदाही कुणी विचारलं नाही. महाराज-मावळ्यांची मातीची चित्रं मांडायची वेळ आली की "तू जा, रांगोळी काढ." पुढं कॉलेजात सुटी मिळाली की मी गडावर जायची. राजगड सात वेळा केला, त्यातला पाच वेळा गुंजवण्यातून चोरदरवाजानं. सुवेळा माचीच्या, म्हणजे डोंगराच्या तटबंदी केलेल्या सोंडेच्या, नेढ्यात, खडकातल्या आरपार भोकात, बसलं की वारा कानात भरतो, शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. त्या गडाचा आकार माझ्या डोक्यात नाही, हातात आहे.

हे सांगून मी स्वतःला सोडवून घेत नाहीये. पण हे न सांगता पुढचं सांगितलं तर तुम्हाला वाटेल मला नुसती बक्षिसाची हाव होती. तीही होती.

रविवार, 23 ऑक्टोबर. दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलेलं, आणि अकरा वाजता परीक्षक येणार होते. रविवारी दुपारी दीडला भारत-पाकिस्तानची मॅच. सगळी सोसायटी घराघरांत, पोरंही वर गेली. मी रांगोळीची जागा बघायला म्हणून खाली आले आणि किल्ल्यापुढं थांबले. डावीकडची सोंड थेट संजीवनी माचीसारखी उतरली होती. मला वाटलं, इथं जरा दाबलं, तिथं एक वीट सारली तर राजगडच होईल. मुलाला खरा गड कळेल, माची म्हणजे काय ते कळेल. मी आधी एकच वीट सारली.

मग मी चप्पल काढली आणि खाली बसले.

गाईंचा दरवाजा पहिला गेला, कारण पाली दरवाजा तिथं यायला हवा होता. दवाखाना उचलून बाजूला ठेवला. किल्ल्यावर पेरलेलं हळीव नुकतं वर आलं होतं, बोटाच्या पेराएवढं, काही कोंबांच्या डोक्यावर बियांच्या टोप्या तशाच. बालेकिल्ला, गडाचा सगळ्यात उंच भाग, चढवायला तो सगळा उतार खरवडावा लागला. ते कोंब मातीसकट माझ्या नखांत आले, बुळबुळीत. नवऱ्यानं गॅलरीतून डोकावून सांगितलं, "असू दे गं त्याचं त्याला." मी ऐकलं नाही. वरून प्रत्येक घरातून एकदम ओरडा यायचा, मग शांतता. 31 वर चार गेले तेव्हा शांतता. मी तेव्हा पद्मावती माचीवर तळं कोरत होते. मला तहान लागली नाही, पाय दुखले नाहीत. पस्तिशीनंतर इतका आनंद मला कशानं झाला असेल तर त्या चार तासांनी, आणि हे लिहायला मला आजही जड जातंय.

शेवटच्या चेंडूवर मॅच जिंकली, कोहलीच्या नावाचा गजर करत पोरं जिन्यातून खाली आली, फटाक्यांच्या माळा लागल्या. थोरला नाचत आला आणि किल्ल्यापाशी थांबला. तिन्ही माच्या, मधोमध बालेकिल्ला, हळिवाच्या जागी कुंभारवाड्यातून आणलेला हिरवा भुसा. मित्र म्हणाले, "भारी!" त्यानं चारी बाजूंनी फिरून पाहिलं आणि विचारलं, "स्टँड कुठाय?"

मी म्हटलं, "अरे, राजगडावर एस्टी स्टँड असतो का?"

तो काही बोलला नाही. रडला असता तर बरं झालं असतं. मी तेव्हा ते न रडणं म्हणजे समजूतदारपणा धरला.

रात्री करंज्या तळता तळता मी त्याच्याकडून माहिती पाठ करून घेतली. राजगड ही स्वराज्याची पहिली राजधानी. डोंगराचं मूळ नाव मुरुंबदेव. माच्या तीन. पद्मावती माचीवर सईबाईसाहेबांची समाधी. राजाराम महाराजांचा जन्म याच गडावर, 1670 साली. पोरगा हुशार, दोनदा ऐकलं की पाठ. सकाळी अभ्यंगस्नान करून नवा सदरा घालून तो परीक्षकांपुढं उभा राहिला आणि एकदाही न अडखळता घडाघडा बोलला. "हे सगळं तूच केलंस?" त्यांनी विचारलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. तो म्हणाला, "हो."

दुसऱ्या दिवशी ग्रहण, मग पाडव्याला संध्याकाळी बक्षीस. पहिला नंबर. ती ट्रॉफी अजून शोकेसमध्ये आहे, त्याच्या नावाची. मला वाईट वाटलं असेल असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नाही. मी खूश होते, सासरी माहेरी फोटो पाठवले. वर्षभर खूश होते.

2023 च्या दिवाळीला मी आठ दिवस आधीच माती आणून ठेवली. थोरल्याला हाक मारली. तो तेव्हा पाचवीत. त्यानं पोत्यांकडं बघितलं आणि अगदी सहज, रागाचा लवलेश नसलेल्या आवाजात म्हणाला, "तू कर. मला फक्त काय बोलायचं ते सांग, मी पाठ करतो."

पोती तशीच राहिली. कुंड्यांत घातली शेवटी.

यावर भाऊ म्हणतो, पोरं मोठी होतात, पाचवीनंतर कोण किल्ला करतं, तुझा काय दोष. तो स्वतः दहावीपर्यंत करत होता, हे मी त्याला आठवून दिलं तर म्हणतो तेव्हा मोबाइल नव्हते. त्याचं खरंही असेल. मुलाचं किल्ल्यावरून मन उडालं ते माझ्यामुळंच, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. त्याला नंतर कधी विचारलंही नाही. विचारलं तर तो मला बरं वाटेल असंच उत्तर देईल, ते त्याला येतं. ते मीच त्याला शिकवलं, आणि माझं मन तिथंच अडकतं.

त्या दुपारच्या मला मात्र आज कुणी पुढ्यात उभं केलं तर मी तिला काय सांगेन, हे ठरत नाही. हात काढ म्हणेन? चाळीशीला टेकलेल्या बाईनं मातीत बसून चार तास मनासारखा गड केला, यात चुकलं काय? मी दोन पोती वेगळी आणून शेजारी माझा किल्ला केला असता तर? तेव्हा हे सुचलं नाही. खरं तर सुचलं होतं. पण मोठ्या बाईनं स्वतःसाठी किल्ला करायचा, याची लाज वाटली. मुलासाठी करतेय म्हटलं की कुणी काही म्हणत नाही.

गेल्या वर्षी धाकटीनं, दुसरीत असताना, आपणहून माती मागितली. मी ठरवूनच टाकलं, या वेळी बोटसुद्धा लावायचं नाही. तिनं खालून हाक मारली, "आई, पोतं धर ना." मी खिडकीतून सांगितलं, "तुझं तू कर." भिजलेलं गोणपाट किती जड होतं ते मला ठाऊक आहे, तरी सांगितलं. तिनं एक टोक दातात धरलं, दुसरं ओढलं, पोतं घसरलं आणि वरची वीट पायावर आली. अंगठ्याचं नख काळं पडलं, पुढं महिन्याभरानं गळून गेलं. हळद लावताना ती हुंदके देत म्हणाली, "दादाला केलीस मदत. मला नाही केलीस."

तर विचारणाऱ्यांनो, मला उत्तर सापडलंय आणि मी त्यानुसार वागतेय, असं समजू नका. एकदा हात घालून चुकले, एकदा हात आखडून चुकले.

यंदा एवढंच ठरलंय की ती "धर" म्हणाली की धरायचं आणि "सोड" म्हणाली की सोडायचं. तुम्ही येता जाता बघता तेव्हा मी बहुतेक वेळ नुसती उभी असते, हात स्वच्छ. पण तो बुरूज मलाही वाकडा दिसतो. मागून एक चपटा दगड सारला की तो सरळ होणार हे मला दिसतं, हातांना कळतं. दोनदा मला तिथून उठून वर जावं लागलं. शंकरपाळे लाटत बसले. स्पर्धेत नाव दिलं नाही, कारण तिनं द्यायचं नाही म्हटलं. तिच्या गडावर महाराजांपुढं बाजार भरलाय, भाजीवाल्या बसल्यात, आणि एक मावळा तळ्यात पोहतोय. राजगडाची चिठ्ठी मी परत केली, ती सी विंगला गेली, त्यांचा गड सुंदर झाला.

परवा सेक्रेटरींनी पार्किंगची जागा मोकळी करायला सांगितली. आमच्या लहानपणी सुतळी बॉम्ब लावून किल्ला उडवायचे, तो धिंगाणा मला कधीच आवडला नाही. मी धाकटीला खाली नेलं, चित्रं उचलून डब्यात भरायला सांगितली, खुरपं तिच्या हातात दिलं. तिनं एक ढेकूळ काढलं, थांबली, आणि खुरपं परत माझ्यापुढं धरलं.

"तूच मोड ना," ती म्हणाली. "दादाचा मोडला होतास तसा."

पाच वर्षांची होती ती तेव्हा. मला वाटत होतं ती वर मॅच बघत होती.

मी खुरपं घेतलं नाही. सेक्रेटरींकडून तुळशीच्या लग्नापर्यंत मुदत मागून घेतलीय. किल्ला अजून तिथंच आहे, हळीव वीतभर वाढून आडवं झालंय, आणि ती रोज संध्याकाळी त्याला पाणी घालते.