राता, तिवर आणि आपला भराव

ठाणे-बेलापूर पट्ट्यात नवीन राहायला आलेल्या कितीतरी लोकांना माहीतच नसतं की या टॉवरांच्या खाली भातशेती होती, आणि ती पण साधी नाही, खारी शेती. खाडीच्या कडेने मातीचा बांध घालायचा, त्यात उघाडी म्हणजे पाणी अडवायचं-सोडायचं दार बसवायचं, भरतीचं पाणी बाहेरच अडवायचं आणि ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं, असं करत करत दोनचार मोठे पाऊस पडले की जमिनीतलं मीठ धुवून जातं आणि मग भात लावायचा. माझी आजी सांगायची, बांधाला भगदाड पडलं की ज्याच्या हाती जे येईल ते घेऊन अख्खं गाव धावायचं, कारण एकदा खारं पाणी आत शिरलं की नुकसान एकाच्या शेताचं नसतं, सगळ्यांचं असतं.

1970 नंतर नवी मुंबई उभी राहिली, त्यात 95 गावांच्या जमिनी गेल्या. तो इतिहास वेगळा आहे, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. पण ज्या जमिनी मागे राहिल्या त्यांचं काय केलं आपण? माणसं नोकरीला लागली, बांध बघायला कोणी उरलं नाही, उघाड्या सडल्या, खाडीत सक्शन पंप लावून रेती उपसली गेली त्यामुळे काठ ढासळले, आणि रात्री डंपर येऊन डेब्रिज टाकून जातात ते तर सगळ्यांना दिसतंच. भराव पडला की पाणी निघायची वाट बंद, मग मीठ धुणार कसं? वरून सांडपाणी. जमीन आपोआप मेलेली नाही, आपण मारलीय.

आता बायोटेक्नॉलॉजीबद्दल. लोकांना वाटतं लॅबमध्ये कुठूनतरी काहीतरी जादू तयार होते. पण खाऱ्या जमिनीसाठी लॅबला लागणारा कच्चा माल आपल्याच खारीतला आहे हो! आपल्याकडे राता नावाचं लाल तांदळाचं भात होतं, मीठ सोसणारं, पिढ्यानपिढ्या शेतकऱ्यांनी निवडून निवडून टिकवलेलं. त्यातूनच काळा राता 1-24 आणि भुरा राता 4-10 हे वाण निवडले गेले, आणि काळा राताचं नाव आज जगभरच्या भात संशोधनात येतं. पनवेलला खार जमीन संशोधन केंद्र आहे, कोकण कृषी विद्यापीठाचं, तिथून पनवेल-1, 2, 3 असे खारीत तग धरणारे वाण निघाले. पनवेलला रोज उतरणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल.

केरळच्या पोक्कळी भातात पहिल्या गुणसूत्रावर साल्टॉल नावाचा भाग सापडला, तो रोपात सोडियम कमी आणि पोटॅशियम पुरेसं ठेवायला मदत करतो. याचा फायदा असा की आता नवीन रोपाच्या पानाचा छोटा तुकडा घेऊन डीएनए तपासला की तो भाग आलाय का ते आधीच कळतं, दरवेळी खाऱ्या शेतात लावून मरतंय की जगतंय बघत बसायला नको, त्यामुळे नवीन वाण काढायची कितीतरी वर्षं वाचतात. आणि 4 मे 2025 ला आपल्या देशात जीनोम एडिटिंग केलेले दोन भात जाहीर झाले, त्यातला पुसा डीएसटी राईस 1 हा दुष्काळ आणि खारेपणा सोसण्यासाठीच आहे. त्यात बाहेरचा जीन घातलेला नाही, भाताच्याच एका जीनमध्ये बदल केलाय.

आणि तिवर! ठाणे खाडीच्या कांदळवनात सगळ्यात जास्त दिसतं ते झाड. त्याचं पान जिभेला लावून बघा, खारट लागेल, कारण झाड मीठ पानावाटे बाहेर टाकतं. चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन संशोधन संस्थेने याच तिवरातले जीन घेऊन भातात घालायचे प्रयोग केलेत. ज्या झाडाकडून भाताला मीठ सोसायला शिकवता येतं त्याच्या मुळांवर आपण फुटलेल्या लाद्या ओततोय, आणि हे 2018 मध्ये मुंबई हायकोर्टाने कांदळवन तोडणं म्हणजे जगण्याच्या हक्कावर घाला असं स्पष्ट सांगितल्यानंतरही चालूच आहे. मला याचा खरंच खूप राग येतो.

जिवाणूंचं पण तसंच. नाल्यात कल्चर, म्हणजे वाढवलेले जिवाणू, सोडलं की नाला साफ होईल असं सांगितलं जातं. जिवाणू घाण खातात हे खरंय, पण त्यांना वेळ लागतो, बहुतेकांना ऑक्सिजन लागतो, आणि वाहत्या नाल्यात वरून सांडपाणी येतच राहिलं तर ते काम करायच्या आधीच खाडीत वाहून जातात. आधी वरचा पाईप बंद करा, मग कल्चर.

शेतीतही क्रम हाच. आधी भराव उचला, बांध बांधा, उघाडी चालू करा, मग कितीही भारी बियाणं आणा. पाणी निचरत नसेल तर कुठलाच जीन काही करू शकत नाही. आणि लॅबमधला नवा वाण इथं किती टिकतो ते बघायला चाचणीपुरती तरी खरी खार शेतं शिल्लक पाहिजेत, कुंडीत ते कळत नाही.

अजून एक विनंती आहे, मनापासून. उरण, पेण, भिवंडीकडे, दिवा-मुंब्र्याच्या खाडीपट्ट्यात कुणाच्या घरी जुना राता अजून लावत असतील तर बंद करू नका, आणि कणगीत नुसता पडून असेल तर या पावसाळ्यात थोडा तरी पेरा, आपल्या दमट हवेत भाताचं बी फार वर्षं उगवत नाही. मूठभर बियाणं पनवेलच्या केंद्रात पण नेऊन दाखवा, सोबत गावाचं नाव आणि घरात त्याला काय म्हणतात ते लिहून.