सहा मुळं, चार उत्तरं

'यावरून सहज दिसते की बद्ध अवस्था चार आहेत.' क्लासच्या नोट्समधलं हे वाक्य मला अजून खुपतं. (बद्ध अवस्था म्हणजे इलेक्ट्रॉन बांधलेला राहतो अशी ऊर्जेची ठरावीक पायरी.) मला सहज दिसलं नव्हतं. मला सहा दिसत होत्या, आणि त्या सहाच्या चार व्हायला जवळजवळ तीन आठवडे गेले.

मी वडोदऱ्याची, दांडिया बाजारात राहते. बी.एस्सी. झाल्यावर घरूनच जॅमची, म्हणजे एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेची, तयारी चालली होती. क्वांटम मेकॅनिक्समधली फायनाइट वेल, म्हणजे इलेक्ट्रॉनला अडकवणारी मर्यादित खोलीची ऊर्जेची विहीर, सोडवायला घेतली होती. रुंदी १ नॅनोमीटर, खोली ५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे ऊर्जेचं एकक), आत एक इलेक्ट्रॉन. श्रोडिंगरचं १९२६ सालचं समीकरण मांडून कडांवर वेव्ह फंक्शन (इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती, हे ज्यावरून कळतं ते) जुळवणं एका संध्याकाळात उरकलं. सम अवस्थांसाठी, म्हणजे वेव्ह फंक्शन मध्यापासून दोन्हीकडे सारखंच असतं त्यांच्यासाठी, हातात आलं ते हे:

क्ष × टॅन क्ष = √(५.७३² − क्ष²)

५.७३ हा आकडा विहिरीच्या रुंदी-खोलीवरून येतो, आणि क्ष मिळाला की त्यावरून ऊर्जा निघते. क्ष टॅनच्या आतही आहे आणि बाहेरही, त्यामुळे सूत्रात घालून उत्तर काढायची सोय नाही. किमती घालून बघत बघत जवळ जायचं. वर्गमूळाची कटकट नको म्हणून मी दोन्ही बाजूंचा वर्ग केला. समीकरण एकदम सुटसुटीत झालं: चिन्ह सोडलं तर कॉस क्ष म्हणजे क्ष भागिले ५.७३. विषम अवस्थांना (जिथे दोन बाजूंचं चिन्ह उलटं असतं) कॉसच्या जागी साइन. मुळं निघाली १.३४, १.९१, २.६६, ३.८९, ३.९५ आणि ५.१६. मोजून सहा.

क्लासमध्ये शंका विचारायला वेगळी खिडकी होती. वहीवर शंका लिहून द्यायची आणि वाट बघायची. आठ दिवसांनी वही परत आली. त्यावर लाल पेनाने एवढंच लिहिलं होतं, 'आलेख काढा, दिसेल.' मी आलेख काढला. पण काढला तो वर्ग केलेल्या समीकरणाचा, आणि त्यात सहाच छेद दिसणार होते. पुन्हा वही दिली. या वेळी उत्तर आलं, 'आकडेमोड तपासा.' माझी आकडेमोड बरोबरच होती! मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत बसून मी ती चार वेळा तपासली. प्रत्येक मूळ दुसऱ्या दशांशापर्यंत तेच. 'वर्ग कुठे केलास?' एवढा एक प्रश्न कुणी विचारला असता तर माझे पंधरा दिवस वाचले असते. ज्याला येतं त्याने 'सहज दिसते' लिहू नये, असं मला मनापासून वाटतं.

गाठ सुटली ती समोरच्या काकूंच्या मुलामुळे. तो दहावीत आहे, माझ्याकडे गणिताला येतो. त्याला भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'तलं माकडांचं कोडं घातलं. कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करून वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली. एक फांदीवर दिसतंय. कळप केवढा? त्याने वर्गसमीकरण सोडवून ५० आणि ५ काढले आणि लगेच म्हणाला, "ताई, पाच कसं चालेल? पाचवा हिस्सा म्हणजे एक माकड. एकातून तीन कशी काढायची?" भास्कराचार्यांनीही पाच नाकारलंय ते याच कारणाने. उणे दोनाचाही वर्ग चारच येतो, म्हणून पाच आत शिरलं.

तो गेल्या गेल्या मी वही उघडली आणि १.९१ वर्ग करण्याआधीच्या समीकरणात घातलं. डावीकडे आलं उणे ५.४, उजवीकडे अधिक ५.४. आकडा तोच, चिन्ह उलटं. विषम अवस्थांच्या समीकरणात ३.८९ चंही तसंच. या दोन मुळांचा अर्थ लावला तर वेव्ह फंक्शन विहिरीबाहेर विरत जाण्याऐवजी वाढतच जातं, म्हणजे इलेक्ट्रॉन विहिरीत बांधलेलाच राहत नाही. दोन्ही खोडली. उरलेल्या चारांच्या ऊर्जा तळापासून ०.२७, १.०८, २.३८ आणि ४.०६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही.

वर्ग करायला हरकत नाही, मी अजूनही करते. पण प्रत्येक मूळ परत पहिल्या समीकरणात घालून बघा. सम अवस्थेला टॅन धन हवा, विषम अवस्थेला ऋण. अवस्था किती येणार हे तर सोडवायच्या आधीच कळतं: ५.७३ ला १.५७ ने, म्हणजे पायच्या निम्म्याने, भागा. ३.६५ येतात, वरचा पूर्णांक चार. नोट्समध्ये ही एक ओळ असती तर!

अजून एक तपासणी आठवली. याच रुंदीच्या अनंत खोल विहिरीची सर्वांत खालची ऊर्जा ०.३८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येते. आपली तिच्यापेक्षा कमीच यायला हवी. जास्त आली तर कॅल्क्युलेटर आधी बघा, तो डिग्रीवर नाही, रेडियनवर हवा.