तुम्ही विचारलंत म्हणून: काम होत नाही, मग अर्ज कुठे करायचा?

"ताई, आता कामच होत नाही हो. सरकारकडून काही मिळतं का? अर्ज कुठे करायचा?"

हे मला लोक सारखं विचारतात. फोनवर, दवाखान्याच्या बाकावर, एकदा तर लग्नाच्या पंगतीत, वाढप चालू असताना. विचारणाऱ्याला एका वाक्यात उत्तर हवं असतं आणि ते एका वाक्यात बसत नाही. म्हणून एकदाचं लिहूनच काढते. मी महाराष्ट्रात राहते, त्यामुळे जे सांगते आहे ते इथलं.

आधी कडू गोष्ट सांगून टाकते. "काम होत नाही" हे वाक्य घरात सगळ्यात जड असतं, पण सरकारी खिडकीवर त्याला फारसं वजन नाही. तिथे विचारतात दिव्यांगत्वाचे टक्के किती, उत्पन्न किती, महाराष्ट्रात किती वर्षं राहता. तुम्हाला काम करता येतं की नाही, हे मुळात विचारणाऱ्या जागा थोड्या आहेत. त्या कुठल्या हे माहीत नसलं की माणूस भलत्याच रांगेत उभा राहतो आणि नंबर आला की "हे इथे नाही" ऐकून घरी येतो.

बहुतेकांची सुरुवात टक्क्यांपासून होते, तर तिथूनच घेऊ. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६चा. त्याआधीच्या १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते, आता एकवीस आहेत. पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे सगळं आत आलं. बहुतेक सवलतींसाठी रेघ आहे ४० टक्क्यांची. दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन, केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, जवळचे वैद्यकीय कागद जोडायचे आणि मग सांगतील त्या दिवशी सरकारी रुग्णालयात तपासणीला जायचं. प्रमाणपत्रासोबत यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र येतं. ४० टक्क्यांच्या आत पांढरा पट्टा, ४० ते ८०ला पिवळा, ८० आणि त्यापुढे निळा.

हे टक्के नक्की कशाचे, हे मात्र कुणी समजावून सांगत नाही. मी कपड्यांच्या युनिटमध्ये मशीनवर होते. ओव्हरलॉक, कॉलर, कफ, सगळं. मग आमवाताने बोटं धरली. तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी मनगटाला प्लास्टिकचा कोनमापक लावला, हात किती वाकतो ते बघून आकडा लिहिला, मूठ आवळायला लावली, एकेक बोट अंगठ्याला टेकवायला सांगितलं. मी ते टेकवलं. दुपार झाली होती ना! आमवाताची बोटं दुपारपर्यंत सैल होतात. सकाळी याच बोटांनी मला वेणी घालता येत नाही, पण सकाळची बोटं बघायला तिथे कुणी नव्हतं. डॉक्टरांचा यात काही दोष नाही. ते सांधा किती वाकतो, स्नायूत जोर किती, हे मोजतात, कारण केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तेच मोजायला सांगितलंय. आठ तासांत किती कॉलर जोडता येतील हा रकाना त्या फॉर्ममध्येच नाही.

म्हणून कागद बोलले पाहिजेत. सकाळी सांधे किती वेळ आखडलेले असतात, कुठली औषधं किती वर्षं चालू आहेत, सूज कधी येते, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून केसपेपरवर लिहून घेत चला, दर भेटीत. तपासणीच्या आदल्या दिवशी मागून आणलेल्या एका चिठ्ठीपेक्षा दोन वर्षांचे जुने, चुरगळलेले केसपेपर कितीतरी भारी पडतात. कामाचा हात उजवा की डावा तेही आवर्जून सांगा. हाताच्या मोजणीत कामाच्या हाताला थोडं जास्त वजन आहे.

आणि दुसरं दुखणं लपवू नका. आपल्या लोकांची ही खोडच आहे, एका गोष्टीसाठी गेलो तर दुसरीचं नाव काढायचं नाही, उगाच डॉक्टर वैतागतील म्हणून. इथे त्याची किंमत मोजावी लागते. समजा हाताचे ३० टक्के निघाले आणि पायाचे १५. बेरीज ४५ होत नाही. मोठा आकडा ९०मधून वजा करायचा, उरले ६०. त्याला लहान आकड्याने, म्हणजे १५ने गुणून ९०ने भागायचं, आले १०. ते मूळच्या ३०मध्ये मिळवायचे. झाले ४०, बरोबर रेघेवर. गुडघ्याबद्दल गप्प बसला असतात तर ३०वर राहिला असतात आणि पांढरं कार्ड घेऊन आला असतात, ज्याचा पेन्शनला काही उपयोग नाही.

आणखी एक. डॉक्टरांनी "कसं आहे?" विचारलं की आपण "बरं आहे" म्हणतो. ते सवयीने येतं. तपासणीच्या खोलीत तरी ते तोंडातून जाऊ देऊ नका. नाटक करा असं मी म्हणत नाही, दिवसभर तेच बघणाऱ्या माणसाला नाटक लगेच कळतं. रोज जे होतं तेवढंच सांगा, पण पूर्ण सांगा.

मानसिक आजाराचं गणित वेगळं आहे आणि खरं तर ते मला जास्त न्याय्य वाटतं. त्याची मोजपट्टी स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम या चार गोष्टी विचारते. आजार किती वर्षांचा, त्याचेही गुण असतात. म्हणजे इथे कामाबद्दल थेट विचारतात. तेव्हा नोकरी कधी सुटली, का सुटली, मधे पुन्हा करून बघितलं तर काय झालं, हे घरच्या माणसाने सोबत जाऊन सांगावं. पेशंट बऱ्याचदा सांगू शकत नाही किंवा सांगत नाही.

टक्के पटले नाहीत तर? कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. लेखी करा, लवकर करा, पोच घ्या. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावर मुदत असते, ती संपायच्या आधी पुन्हा तपासणी. मुदत संपल्यावर पैसे बंद झाले की मग माणसं धावतात.

आता पैशांकडे येते. महाराष्ट्रात काम न होणाऱ्या गरीब माणसासाठी मुख्य योजना म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना, १९८० पासूनची. अर्ज तहसील कार्यालयात. वय १८ ते ६५, राज्यात किमान १५ वर्षं वास्तव्य. उत्पन्नाची मर्यादा दिव्यांगांसाठी वर्षाला ५०,००० रुपये, बाकीच्यांसाठी २१,०००. हो, वर्षाला. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. एवढ्यात कुटुंब कसं राहतं हे तो आकडा ठरवणाऱ्यांनाच विचारायला हवं. अनुदान बरीच वर्षं सहाशे, मग हजार, मग दीड हजार असं सरकत आलं आणि दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा २,५०० रुपये झालं. पैसे आधार जोडलेल्या बँक खात्यात येतात. खात्याला आधार जोडलेलं नसेल तर मंजुरी होऊनही पैसे येत नाहीत, तेव्हा अर्जाच्या आधी बँकेत जाऊन या.

या योजनेच्या नियमांत एक ओळ आहे, तिच्यासाठीच खरं म्हणजे हे सगळं लिहायला बसले. दिव्यांगांशिवाय क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग अशा दुर्धर आजारामुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणारे स्त्री-पुरुषही यात बसतात. म्हणजे इथे टक्क्यांचं दार सोडून दुसरं दार आहे आणि त्याच्यावर "काम होत नाही" हेच लिहिलंय, फक्त सरकारी भाषेत. कर्करोग त्या एकवीस प्रकारांत नाही. म्हणून केमो चालू असलेली माणसं आधी दिव्यांग प्रमाणपत्राच्या मागे लागतात, तिथे नकार मिळतो आणि मग हातपाय गाळतात. त्यांनी सरकारी रुग्णालयातून आजाराचा दाखला घ्यावा आणि सरळ तहसीलला जावं. खिडकीवरच्या माणसालाही कधीकधी हे ठाऊक नसतं. मला एका ठिकाणी "अपंगाचं सर्टिफिकेट नाही तर अर्ज नाही" असंच सांगितलं होतं, शेजारच्या बाईंसाठी गेले होते तेव्हा. खिडकीवरच्या माणसाला तेच लेखी द्या म्हटलं. लेखी दिलं नाही, अर्ज घेतला.

उत्पन्नाच्या दाखल्यापाशी सगळ्यात जास्त लोक अडकतात. त्यासाठी तलाठ्याचा अहवाल लागतो. घरात कोण कोण राहतं आणि कोण किती कमावतं हे रेशनकार्डावर एक, प्रत्यक्षात दुसरं असेल, तर ते आधी नीट करून घ्या. वेगळं राहणाऱ्या भावाचं नाव कार्डावर तसंच असेल तर त्याच्या पगाराचा प्रश्न निघणारच.

केंद्राची इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनाही आहे. दारिद्र्यरेषेखाली असाल आणि टक्के ८० किंवा जास्त असतील तर. केंद्राचा वाटा महिन्याला ३०० रुपये. यावर जास्त काय लिहायचं.

ज्यांचा पीएफ कापला जात होता त्यांनी मात्र इथे थांबून दोनदा वाचावं. कर्मचारी पेन्शन योजना, १९९५. तिच्यात कायमच्या आणि पूर्ण अपंगत्वाचं पेन्शन आहे. त्यासाठी दहा वर्षं नोकरीची अट नाही, एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी चालते. अपंगत्व कामावरच्या अपघातातूनच यायला हवं असंही नाही. आणि तिथली व्याख्या थेट कामाची आहे: अपंगत्व आलं तेव्हा जी कामं करू शकत होता ती सगळी आता करता येत नाहीत का? त्यासाठी वैद्यकीय मंडळापुढे जावं लागतं. पण अट अशी की अपंगत्व नोकरीत असताना आलेलं असलं पाहिजे. आपल्याकडे उलटं चालतं. तब्येत बिघडली की मालक म्हणतो राजीनामा दे, माणूस देतो, पैशांची निकड असते म्हणून पीएफबरोबर पेन्शनचेही पैसे काढून मोकळा होतो. मग वर्षभराने कुणीतरी सांगतं की पेन्शन मिळालं असतं. पेन्शनचे पैसे काढून घेतले की ते दार बंद. म्हणून कागदावर सही करण्याआधी पीएफ कार्यालयात १०-डी फॉर्मबद्दल, म्हणजे पेन्शनच्या अर्जाबद्दल विचारून या. किमान पेन्शन १,००० रुपये आहे. थोडंच, पण जन्मभराचं.

ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विम्याचं कार्ड असेल तर कामावरच्या दुखापतीत कायमचं अपंगत्व आल्यास पगाराच्या सुमारे ९० टक्क्यांच्या हिशेबाने, जेवढी कमाईची ताकद गेली त्या प्रमाणात, दरमहा भत्ता मिळतो. त्यासाठी अपघाताची नोंद त्याच वेळी व्हायला हवी. सुपरवायझर "नंतर बघू" म्हणाला तरी दवाखान्याच्या पहिल्या कागदावर "कामावर असताना" हे शब्द येतील असं बघा.

सरकारी नोकरीत असाल तर राजीनामा नको आणि घरच्यांच्या आग्रहाने स्वेच्छानिवृत्तीही नको. २०१६च्या कायद्याचं कलम २० सांगतं की नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. तेही नसेल तर जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर जागांपेक्षा जादा धरलेल्या पदावर ठेवायचं.

एक शेवटचा प्रश्न, तो बायकाच विचारतात आणि हळू आवाजात विचारतात. "लाडकी बहीण चालू आहे, संजय गांधी घेतलं तर ते जाईल का?" जाईल. सरकारच्या दुसऱ्या योजनेतून महिन्याला दीड हजार किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण मिळत नाही. पण ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र हातात असेल आणि उत्पन्न पन्नास हजारांच्या आत असेल तर एकीकडे १,५०० आहेत, दुसरीकडे २,५००. मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत चालू असलेलं काही बंद करू नका. ते आलं की मग पहिलं सोडा. आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला मागतील, तो वेळेत द्या. नाहीतर जिवंत असूनही नाव यादीतून जातं आणि ते परत आत घ्यायला नव्या अर्जापेक्षा जास्त चपला झिजतात.